दोन लिटर दूध आणि एक बेसूर झीलकरी

या, जवळ या. अगं तू, मागे भिंतीला टेकलेली, तूसुद्धा पुढे सरक. सतरंजी मोठी आहे. फोन उपडे ठेवा, चहा हातात घ्या. आज मी तुम्हाला एक प्रेमाची गोष्ट सांगते. एका मुलीची वाचा गेली आणि एका मुलाला सूर कधी आलाच नव्हता, त्या दोघांची. कीर्तनात आधी बोध, मग कथा अशी रीत आहे. मी उलटं करणार आहे. कथा आधी. बोध वाटेत कुठे सांडलेला दिसला, तर उचला.

मुलगी म्हणजे मीच, विनया. गाव हॅमिल्टन, देशापासून सातासमुद्रापार. सकाळी नदीवरून धुकं चढतं आणि समोरच्या घराचं फाटकसुद्धा दिसत नाही, तशा एका एप्रिलच्या सकाळी मी कोपऱ्यावरच्या डेरीत दूध आणायला गेले. डेरी म्हणजे आपलं वाण्याचं दुकान; दूध, ब्रेड, लॉली म्हणजे गोळ्या-चॉकलेटं, सगळं. पाऊस भुरभुरत होता. काउंटरपाशी मी डाव्या हाताने ठेका धरला आणि मालकाकडे बघत खणखणीत आवाजात गाऊ लागले,

“टू लीटर मिल्क... प्ली—ज...”

मालकाला सवय होती. त्याने मान डोलावली आणि फ्रिजकडे वळला. तेवढ्यात माझ्या मागून कुणीतरी त्याच चालीत शेपूट ओढलं,

“प्ली—ई—ई—ज!”

ते इतकं बेसूर होतं की माझ्या हातातली नाणी खाली पडली. मी वळले. उंचसा मुलगा, पायात ओल्या जंडल्स, म्हणजे इकडच्या रबरी चपला, हातात ब्रेड, तोंडभर हसू. तुम्हीच सांगा, सकाळी आठ वाजता अनोळखी बाईचा झीलकरी होणं हे काय वागणं झालं? झीलकरी म्हणजे बुवांच्या मागे उभा राहून त्यांच्या ओळीचं शेपूट गाणारा. तो सुरात असावा लागतो!

मला त्याला झापायचं होतं. पण मला बोलता येत नव्हतं. गाता येत होतं. म्हणून मी गाऊनच झापलं. मराठीत, म्हणजे त्याला कळणार नाही.

“दात कशाला काढतोस रे, माकडतोंड्या मेल्या!”

त्याने ब्रेड काखेत धरला. मग हात जोडून म्हणाला, “माकड पुण्याचं आहे. कोथरूड. नाव यशोधन. आणि... सॉरी. मला वाटलं, तुम्ही मजा करताय.”

मी दूध उचललं आणि बाहेर पडले. उजव्या हाताने उचललं, हीच चूक. दाराबाहेर बाटली सुटली, फुटली, आणि जंडल्स चटाक चटाक वाजवत तो दुसरी घेऊन माझ्यामागे धावत आला. माझा लुळा हात त्याने तेव्हा पाहिला. चेहऱ्यावरचं हसू गेलं, कान लाल झाले. पण ‘अरेरे’ म्हणाला नाही. म्हणाला, “ही मी धरतो. तुम्ही गा.”

आता मागचं सांगते. 

मी त्याआधी पाच वर्षं दूध काढायच्या यंत्रांच्या कंपनीत फोनवर होते. पहाटे पाचला गोठ्यात यंत्र बंद पडलं की शेतकरी मलाच फोन लावायचे. मी गायीलासुद्धा बोलण्यात गुंडाळीन, असं लोक म्हणत. आणि एकतिसाव्या वर्षी, एका बुधवारी, ‘आधी मागचा व्हॉल्व्ह बघा’ म्हणता म्हणता शब्दच आला नाही. नुसता तोंडाचा आ. हृदयात जन्मापासून एक बारीक भोक होतं, त्यातून गुठळी निघाली आणि मेंदूत बोलण्याच्या घरावर जाऊन बसली. डॉक्टरांनी भोक बुजवलं. शब्द मात्र गेले ते गेले. समजायचं सगळं; ओठावर काही यायचं नाही. ‘पाणी’ म्हणायचं असलं तरी घाम फुटायचा.

मग गडहिंग्लजहून बाबा आले. राजाराम मास्तर, निवृत्त शिक्षक, चाळीस वर्षं कीर्तनकारांच्या साथीला पेटी धरलेला माणूस. विमानतळावर त्यांच्या चिपळ्या अडवल्या. ‘लाकूड आहे? कीड आहे?’ बाबांनी त्या अधिकारी बाईंना चिपळ्या वाजवून दाखवल्या आणि म्हणाले, “कीड असती तर आवाज भद्द आला असता, बाई.” त्या हसल्या आणि चिपळ्या सुटल्या.

हॉस्पिटलात बाबा माझ्या उशाशी बसले. बोल म्हणावं तर मुलगी बोलेना, करायचं काय? त्यांनी आपला हलकेच नामाचा गजर धरला. आणि माझ्या तोंडून, ज्या तोंडून ‘पाणी’ निघत नव्हतं त्या तोंडून, अख्खा गजर बाहेर पडला. स्पष्ट. सुरात. नर्सच्या हातातला ट्रे वाजला. बाबा रडले, मीही रडले.

वाचा-उपचार करणाऱ्या जोॲना नावाच्या बाईंनी समजावून सांगितलं. बोलण्याची वाट मेंदूच्या एका बाजूने जाते, गाण्याची बरीचशी दुसऱ्या बाजूने. हायवे बंद पडलाय, गावातली जुनी वाट उघडी आहे. त्या वाटेने जायचं, हळूहळू हायवेही खुला होईल. बाबांना तेवढंच हवं होतं. त्यांनी माझं सगळं रोजचं बोलणं साकीत बसवून टाकलं. साकी म्हणजे कीर्तनात गोष्ट पुढे ढकलणारी दोन ओळींची चाल. चहा साकीत, औषध साकीत, ‘टॉयलेट कुठे आहे’ हेही साकीत. देव माझी प्रार्थना ऐकतो यावर माझा विश्वास होताच. पण तो इतका थट्टेखोर असेल असं वाटलं नव्हतं.

तर दुधाची बाटली घेऊन यशोधन घरापर्यंत आला. बाबांनी दार उघडलं, त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पहिला प्रश्न टाकला, “गाडी आहे का तुमच्याकडे?”

“आहे, काका. जुनी टोयोटा.”

“दर गुरुवारी दुपारी रिकामे असता का?”

मी ‘बाबा!’ म्हणायला गेले. “बा... बा...” झालं. ते म्हणाले, “बघा, तीही हो म्हणतेय.”

हात धड होईपर्यंत मला गाडी चालवायची परवानगी नव्हती, आणि गुरुवारी एका चर्चच्या हॉलमध्ये माझ्यासारख्यांचा गायनवर्ग असायचा. वाचा गेलेली पंधरा माणसं. एकमेकांना ‘किया ओरा’, म्हणजे इकडचा नमस्कार, तोसुद्धा गाऊन म्हणायची. यशोधन मला पोचवायचा. बाबा बरोबर यायचे, पण दोघेही आत येत नसत. तासभर गाडीतच बसायचे, काचा वर. मी बाहेर यायचे तेव्हा काचांवर वाफ धरलेली असायची. 

“काय... करता?” मी विचारायचे.

“चिवडा खातो,” बाबा म्हणायचे. यशोधन रस्त्याकडे बघायचा.

तो सिग्नलचा इंजिनिअर होता. कुठला दिवा किती सेकंद लाल, हे ठरवायचं त्याचं काम. एकदा आम्ही लाल दिव्याशी बराच वेळ थांबलो.

“तुझा?” मी विचारलं.

“माझाच. मुद्दाम मोठा ठेवलाय.”

“का?”

“गुरुवारी दुपारी इथून एकजण जाते. तिला वाक्य पूर्ण करायला वेळ लागतो.”

मी खिडकीबाहेर बघितलं. मागच्या सीटवर बाबांना अचानक फार खोकला आला. (तसं काही नव्हतंच, तो नियमाचा पक्का माणूस. पण खोटं इतकं गोड बोलता येतं, हे मला विसरायलाच झालं होतं.)

आता ब्रूसबद्दल सांगते. ब्रूस आमच्या गायनवर्गातला, सत्तरीचा, जन्मभर गायी सांभाळलेला. झटका आल्यावर त्याच्याकडे एकच बोल उरला होता, ‘स्वीट ॲज’. म्हणजे इकडच्या भाषेत ‘मस्त’, ‘झकास’. झकास असो वा नसो, ब्रूस तेच म्हणायचा. चहा सांडला, स्वीट ॲज. फिजोआच्या फळांनी भरलेली पिशवी माझ्या मांडीवर ठेवली, स्वीट ॲज. बायकोचा फोटो दाखवला, बोटाने वर आभाळाकडे खूण केली आणि अगदी खालच्या सुरात... स्वीट ॲज. त्या दिवशी मला कळलं, बोल एकच असला तरी माणूस अख्खा बोलू शकतो. वर्ग सुटल्यावर बाबा आणि तो हॉलबाहेरच्या बाकावर बसून अर्धा अर्धा तास गप्पा मारायचे. बाबा मराठीत पावसाबद्दल, ब्रूस त्याच्या एका बोलात. दोघांचं कधी भांडण झालं नाही.

मे महिना आला. एका गुरुवारी गाडी लावता लावता यशोधन म्हणाला, “अप्पर हटला नोकरी देताहेत. रेल्वे फाटकांचे सिग्नल. शुक्रवारपर्यंत... म्हणजे पुढच्या शुक्रवारपर्यंत कळवायचंय.”

अप्पर हट म्हणजे इथून गाडीने सहा तास. 

“जा... जाणार?”

“तू काय म्हणतेस?”

मला पुष्कळ म्हणायचं होतं. म्हणता आलं, “बघ.”

घरी बाबा म्हणाले, “साकीत सांग त्याला. मी चाल लावून देतो.”

मी मान जोरात हलवली. दूध साकीत मागितलं, औषध साकीत मागितलं. प्रेमसुद्धा साकीत? मला ते सरळ, धड, उभ्या वाक्यात सांगायचं होतं, पूर्वीच्या विनयासारखं. आधी बरी होईन, मग सांगेन. नाही जमलं, तर त्याला जाऊ द्यायचं. अर्ध्या बोलणाऱ्या बाईपायी त्याने का अडकावं? मनात मी असं ठरवूनच टाकलं होतं.

आठवडाभर आरशासमोर एकच वाक्य घोकलं, ‘यशोधन, तू जाऊ नकोस.’ पण त्याचं नाव! आईबापांनी पोराचं नाव ठेवताना जरा पुढचा विचार करावा. ‘यश’ यायचं, ‘धन’ यायचं, मधला ‘ओ’ कुठेतरी धुक्यात हरवायचा.

गुरुवारी हॉलमध्ये मी ब्रूसपुढे सराव केला. “यश... यश... तू...” आणि मी डोकं धरून बसले. ब्रूसने माझ्याकडे पाहिलं, बाहेर गाडीकडे बोट दाखवलं, काठी जमिनीवर आपटली आणि इतक्या रागाने ‘स्वीट ॲज!’ म्हणाला की त्याचा अर्थ ‘मूर्ख मुली, ऊठ!’ याखेरीज दुसरा नव्हताच.

मी उठले. तेवढ्यात हॉलचं दार उघडलं. पावसात भिजलेला यशोधन आत आला. पहिल्यांदाच आत. मागे बाबा, चेहरा परीक्षेला पोरगा पाठवल्यासारखा. 

“यश...” मी सुरुवात केली. पंधरा माणसं आमच्याकडे वळली. “यश... तू... तू...”

वाक्य मोडलं. डोळ्यांत पाणी आलं. मी पाठ फिरवणार, इतक्यात तो म्हणाला, “थांब. आधी मी.” आणि त्याने खिशातून बाबांच्या चिपळ्या काढल्या!

 कान लाल. डोळे मिटले आणि सुरू केलं,

“थांबू येथे, जाऊ की गे, विनये, सांग ग मजला...
तुझ्याविना हा सिग्नल सारा लालचि होउन बसला!”

देवा रे. सहा गुरुवार, बंद काचा, चिवडा नव्हे, साकी! बाबा त्याला गाडीत साकी शिकवत होते. पण सूर? ‘विनये’वर तो वर चढला आणि तिथून खाली यायची वाटच विसरला. ब्रूसने शांतपणे कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. आणि तो धीराचा गाढव दुसऱ्यांदा गायला लागला, आणखी वरच्या पट्टीत, आणि माझ्या अंगातली बाबांची चाळीस वर्षांची पेटी उसळून आली,

“अरे खाली ये, खाली! वरचा सा तुझ्या बापाला तरी लागलाय का कधी!”



चिपळ्या हवेतच राहिल्या. बाबा सावकाश वळले. मी तोंडावर हात ठेवला. ते गाणं नव्हतं. ठेका नव्हता. ते सरळ, उभं, बारा शब्दांचं वाक्य होतं, अगदी जुन्या विनयाचं.

“नाही लागत,” यशोधन हळूच म्हणाला. “माझे बाबा बँकेत होते.” मग एक पाऊल पुढे आला. केसांतून पाणी गळत होतं, डोळ्यांतूनही असावं. “विनया... म्हणजे मी थांबू?”

आठवडाभर घोकलेलं वाक्य मी शोधलं. ते मोडकंच होतं. पुरतं बरं होणं अजून लांब होतं, आणि हा माणूस तर आत्ताच, एवढ्या लोकांसमोर, आपलं सगळं बेसूरपण घेऊन माझ्यासमोर उभा होता. मीच कशाला पूर्ण व्हायची वाट बघत बसले होते?

“थांब,” मी म्हणाले. “पण... गाऊ... नको.”

हॉल हसला. बाबांनी उपरण्याने डोळे पुसले. ब्रूसने यंत्र पुन्हा कानात घातलं, आम्हा दोघांना नीट न्याहाळलं आणि निकाल दिला, “स्वीट ॲज.”

त्याला आता तीन वर्षं झाली. माझी वाक्यं अजून अडखळतात; ही गोष्ट सलग सांगता यावी म्हणून महिनाभर घोकलीय. दमले की मी साकीवर येते, आणि घरातला झीलकरी अजूनही शेपूट ओढतो, भयंकर. डॉक्टरांनी हृदयातलं भोक इतकं पक्कं बुजवलंय की आत गेलेला माणूस बाहेर पडू शकत नाही, असं तो सगळ्यांना सांगत असतो. लग्नात भाषण ब्रूसने केलं. पाच मिनिटं बोलला. शब्द तेच दोन, आणि मंडपात डोळे कोरडे असलेलं कुणी नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात ब्रूस गेला. शेवटचं काय बोलला, हे त्याच्या मुलीने सांगायची गरज नव्हती. तरी तिने सांगितलं आणि आम्ही दोघी रडता रडता हसलो.

तेव्हा बाळांनो, उठण्याआधी माझं एवढं ऐका. कधी कुणाशी मनातलं बोलायचं असेल आणि वाक्य जुळत नसेल, तर ते जुळायची वाट बघू नका. जे दोन शब्द हाताशी असतील तेच पुढे करा, आणि करताना त्या गायीवाल्या ब्रूसची एकदा आठवण काढा. देव त्याला तिथेही दुभती गाय देवो, आणि शेजारी बसून ऐकणारं कुणीतरी.