हरणांवर ढकललेला नकार

बोगद्यात एक माणूस बसला होता. नुसता बसला असता तर एक वेळ चाललं असतं. पण तिने मघाशीच दाताळ्याने सारखी केलेल्या वाळूत ऐसपैस पाय पसरून हा बाबा निवांत संत्रं सोलत होता, आणि तेही थेट तिच्या कॅमेऱ्यासमोर!

"अहो, उठा तिथून," ती म्हणाली. "हा रस्ता हरणांचा आहे."

त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "हरणं कुठायत पण?"

नेमकं दुखत होतं तिथेच त्याने बोट ठेवलं. वर चौपदरी रस्ता, दोन्ही बाजूंना उंच जाळीचं कुंपण आणि जंगलातून तळ्याकडे जाणाऱ्या हरणांसाठी रस्त्याखालून हा नवा बोगदा. वन्यजीव कार्यालयाने रस्तेवाल्यांच्या नाकदुऱ्या काढून तो बांधून घेतला होता. हरणं मात्र तोंडापर्यंत यायची, बिचकायची आणि कुंपणाच्या कडेकडेने चालत जाऊन ते संपतं तिथे गाड्यांपुढे उतरायची. वाळूतले ठसे आणि कॅमेऱ्यातले फोटो बघायचं काम तिचं, म्हणून कार्यालयात तिला कॅमेरेवाली म्हणत. पुढच्या दोन वळणांवर असे बोगदे बांधायचे की नाहीत, ते याच फोटोंवरून ठरणार होतं. तिचा सगळा जीव त्या दोन बोगद्यांत अडकला होता.

तो होता क्रेनवाला. ठोकलेल्या, बंद पडलेल्या गाड्या उचलून गॅरेजला न्यायच्या. बोलावणं येईपर्यंत वर क्रेन उभी करायची आणि खाली सावलीला यायचं. तिने सगळं समजावून सांगितलं तेव्हा तो विचारात पडला.

"म्हणजे तुमचं काम नीट झालं की माझा धंदा बसणार."

"बसू दे."

"तो बसेल तेव्हा बसेल. तोवर मी बसू का?"

हसायचं नाही असं ठरवूनही ती हसली. संत्र्याच्या अर्ध्या फोडी त्याने तिच्यापुढे धरल्या आणि तिने त्या चक्क घेतल्या.

दुसऱ्या दिवशी तो दाताळं घेऊन हजर. बिघडवलेली वाळू सारखी करायला आलोय, म्हणाला. तिसऱ्या दिवशी त्याला काही कारण सुचलं नाही, तरी आला. वाऱ्याने तिच्या केसांत अडकलेलं वाळकं पान त्याला दिसायचं, पण काढायला हात धजायचा नाही. तो नुसता बोटाने दाखवायचा, आणि ती मुद्दाम भलतीकडेच शोधायची. आठवड्यातून एकदा कॅमेऱ्याचं कार्ड बदलायला जाणारी ही मुलगी आता रोज दुपार कलली की बोगद्याकडे निघू लागली. धाकट्या बहिणीने एकदा तिला आरशापुढे अडवलं आणि साळसूदपणे विचारलं, "ताई, हरणांना अत्तर लागतं का गं?"

एकदा तो गप्प गप्प होता. सकाळी कुंपण संपतं तिथे अपघात झाला होता. "गाडी क्रेनने उचलतो मी," तो हळूच म्हणाला. "हरण मात्र... हातानेच उचलावं लागतं." तिने त्याच्या हातावर हात ठेवला. त्या क्षणी ती त्याच्या प्रेमात पडली होती, आणि हे तिचं तिलाही कळलं होतं.

कार्यालयातल्या मोठ्या बाईंनी एके दिवशी तिला बोलावून पडद्यावर फोटो लावले.

"या जागी एक जोडी नियमाने येते," बाई चष्मा सावरत म्हणाल्या. "नर संत्रं सोलतो, मादीला देतो. मग दोघं खूप वेळ हसतात. कोणती जात असावी गं ही?"

तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बाईंचा आवाज मग मऊ झाला. हरणं आता बोगद्याच्या तोंडापर्यंतही येत नव्हती. माणसाचा वास, अत्तर, संत्र्याच्या साली... नवी वाट आधीच परकी, त्यात रोजची वर्दळ. पुढच्या महिन्यात रस्तेवाल्यांची बैठक होती. तोवर एकही कळप गेला नाही, तर दोन्ही बोगदे रद्द होणार होते.

म्हणजे ज्याच्यासाठी एवढा आटापिटा केला, त्याच्यावर आपणच पाणी फिरवत होतो! रडू आवरत तिने त्याला फोन केला.

"उद्यापासून बोगद्यात येऊ नका. मीही येणार नाही. आपल्या वासाने हरणं बुजतात."



"नको असेल तर सरळ नको म्हणा," तो म्हणाला. "हरणांवर कशाला ढकलता?"

फोन ठेवला गेला.  परत फोन करून काय सांगायचं? की मला तुम्ही हवे आहात? त्याने तर काही विचारलंच नव्हतं. आणि एक तरी कळप जाईपर्यंत बोलायचं तरी कोणत्या तोंडाने? कॅमेऱ्याला बैठकीपर्यंत पुरतील अशा मोठ्या बॅटऱ्या लावून तिने बोगद्याकडे पाठ फिरवली. ते दिवस तिने कसेबसे काढले. अन्न गोड लागेना, बहिणीनेही चिडवणं सोडून दिलं.

बैठकीच्या आदल्या दिवशी तिने कार्ड काढून आणलं आणि भीत भीत लावलं. आधी एक ससा. मग नुसती वाळू. मग एक मादी, मान उंचावलेली, एक पाय आत... आणि तिच्या मागे अख्खा कळप. पुढच्या फोटोत तोच कळप परतत होता, त्याच्या पुढच्या फोटोत पुन्हा जात होता. मोठ्या बाई खुर्चीतून उठल्या आणि त्यांनी तिला कडकडून मिठी मारली. दुसऱ्या दिवशी दोन्ही बोगदे मंजूर झाले.

बैठकीतून बाहेर पडताच तिने स्कूटर रस्त्याच्या कडेला लावली आणि क्रेनवाल्याला फोन केला. गाडी बंद पडलीय, एवढंच सांगितलं.

तो आला. तिच्याकडे न बघता वाकला, किल्ली फिरवली. स्कूटर पहिल्याच झटक्यात सुरू झाली.

"ही तर चालू आहे."

"हो," ती म्हणाली आणि फोनवरचा फोटो त्याच्यापुढे धरला. आईच्या पोटाला चिकटून एक पाडस बोगद्यातून चाललं होतं.

त्याने फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. "म्हणजे... वासाचं खरंच होतं?"

"शब्दन् शब्द."

"मग तुम्ही मला नाही म्हटलंच नव्हतं."

"तुम्ही विचारलं कुठे होतं?"

त्याने हाताला लागलेलं ग्रीस पॅन्टला पुसलं, घसा खाकरला, आणि इतके दिवस नुसतं बोट दाखवणारा हात आज सरळ पुढे करून तिच्या केसांवरची धूळ हलकेच झटकली.

"विचारतो. माझ्याशी लग्न करशील?"

"करीन," ती म्हणाली. "पण भेटायचं दुसरीकडे कुठेतरी. हरणांना माझा शब्द आहे."

तो हसला, खाली वाकला आणि स्कूटरला क्रेनचा पट्टा बांधू लागला.

"अहो, चालू आहे ना ती!"

"माहितीये मला," तो म्हणाला. "ज्याची गाडी उचलली, त्याने क्रेनच्या केबिनमध्ये बसायचं असतं. चल, बस."