बिनचुलीच्या वड्या

शिवदास मिस्त्री भागोजी नाखव्याच्या पडवीत शिरला तो होडी कुठे लावलीय हे विचारायला; पण त्याने तोंड उघडायच्या आतच एका चिमुरडीने त्याच्या हातात बत्ता दिला.

"कुटा," ती म्हणाली. "गूळ निस्ता दगूड झालाय."

पडवीत चौदा पोरं होती, एक परात होती, आणि परातीपाशी कोपरापर्यंत खोबऱ्याने माखलेली राही बसली होती. भागोजीची लेक, गावच्या शाळेची मास्तरीण. तिने मान वर केली... आणि बघतच राहिली. त्याच्याकडे नव्हे, त्याच्या हातांकडे.

"हे हात घेऊन तुम्ही गुळाला शिवणार?"

हात काळेकुट्ट होते. होड्यांना इंजिनं बसू लागून दोनच वर्षं झाली होती, आणि रेवसपासून किहीमपर्यंत कुठलंही इंजिन खोकलं की करंजाहून शिवदासलाच बोलावणं यायचं.

"धुतो की! राख हाय का?"

त्याने तीनदा हात धुतले. तिन्ही वेळा त्या चिमुरडीने ते हुंगले. "अजून इंजिनाचा वास येतोय, बाई."

"येऊ दे," राही म्हणाली. तिच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. शिवदासला तेवढ्यावर कुटायला जोर आला.

या सगळ्या खटाटोपाचं कारण साधं होतं. राहीची आई माघात गेली. दर दिवाळीला आळीतल्या पोरांना ती खोबऱ्याच्या वड्या करून वाटायची. पण दुखवट्याच्या वर्षात घरात कढई चढत नाही. गोडधोड शेजाऱ्यांनी आणून द्यायचं. हे मोठ्यांना ठाऊक होतं, पोरांना नव्हतं. ती नेहमीसारखी सकाळीच येऊन पडवीत रांगेने बसली, आणि राहीला काही त्यांना परत पाठवता येईना.

एवढ्यात भागोजीची बहीण ठमाबाई आली. कुणाशी न बोलता ती थेट आत गेली, चुलीवर तळवा ठेवला आणि बाहेर आली. चेहरा पडलेला.

"थंड हाय," ती म्हणाली.

"चूल पेटवून गोड करायचं नाही, असं तूच म्हणालीस ना, आत्ये? मग पेटवलीच नाही. डाळं वाण्याचं, खोबरं आपल्या माडाचं."

"आन् गूळ?"

"तो हे कुटतायत."

ठमाबाईने शिवदासला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "कोन रं तू? कुनाचा? लगीन झालंय?"

बत्ता शिवदासच्या अंगठ्यावर बसला.

प्रश्न उगाच नव्हता. आई गेली की मुलीचं लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. श्रावणापासून ठमाबाईने चार स्थळं आणली होती. राहीने चारही परत पाठवली होती. आईला असं घाईघाईने निरोप देऊन उरकायचं? त्यापेक्षा तीन वर्षं बरी, असं ती म्हणायची, आणि शाळेच्या वह्या तपासायला बसायची.

वड्या मात्र काही केल्या धरेनात. ओलं खोबरं गुळात मिसळलं तसं पाणी सुटलं आणि केळीच्या पानावर थापलेला गोळा हळूच पसरू लागला.

"डाळ्याचं पीठ वाढवा," शिवदास म्हणाला.

"तुम्ही इंजिनं सांभाळा."

"इंजिनातबी पानी गेलं की आसंच होतंय."

"याला इंजिन म्हणालात?"

"ढकलल्याबिगर हलत न्हाय, म्हनून म्हटलं..."

"हे तर आपलं आपणच चाललंय!"

दोघं असे भांडत असताना पोरं पानासकट गायब झाली. ओलं आहे ते वाळवायचं, एवढं तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. आणि वाळवायची जागा गावात एकच. समुद्राकाठी बांबूंवर बोंबील लटकत होते. त्यांच्या खाली, सुकत घातलेल्या जवळा मासळीच्या शेजारी, पोरांनी वड्या शिस्तीत मांडल्या आणि कावळे हाकलत बसली.

उन्हं कलली तेव्हा वड्या परत आल्या. खणखणीत वाळलेल्या. राहीने एक तोंडात टाकली, आणि तिचे डोळे भरून आले. बोंबलाच्या वासाने.

पोरांना त्यात वावगं काहीच वाटलं नाही. ती मिटक्या मारत खात होती. शिवदासने एक खाल्ली. मग दुसरी. मग चौथी.

"खोटं खाऊ नका," राही म्हणाली.

"खोटं कशापायी? मीठ बेताचं हाय."

राही हसली. चांगली खळखळून हसली. माघानंतर पहिल्यांदाच. घरात पडलेला भागोजी काय झालं म्हणून धावत बाहेर आला, दोघांकडे पाहिलं, आणि पाऊल न वाजवता परत आत गेला.

"आई... कशी होती तुमची?" शिवदासने विचारलं.

नऊ महिन्यांत आई गेल्याची तिथी सगळ्यांनी विचारली होती, वर्षश्राद्ध कधी तेही विचारलं होतं. हे कुणीच नाही. राही सांगू लागली. आई भरतीच्या पाण्याला शिव्या द्यायची. वाचता येत नसूनही राहीची पुस्तकं उन्हात घालायची, कसर लागू नये म्हणून. सांगता सांगता करंजाची शेवटची होडी सुटून गेली. शिवदासने ती जाताना पाहिली होती. उठला नाही.

त्यानंतर भागोजीचं इंजिन दहा दिवसांत पाच वेळा बिघडलं.

"मिस्त्री," पाचव्या वेळी भागोजी म्हणाला, "तीस वर्सं शिडावर काढली, येकदाबी शीड बिघडलं न्हाय. आता खरं काय ते बोल, न्हायतर माझं इंजिन सोड."

शिवदास बोलला. भागोजीने फक्त शाळेकडे बोट दाखवलं.

शाळा नुकतीच सुटली होती. तो दारात उभा राहिला. धुतलेले हात मागे.

"तुम्ही तीन वर्सं थांबनार, असं आत्याबाई म्हनाल्या," तो म्हणाला. "तर मीबी... म्हंजे... थांबीन. घाई न्हाय. तुमच्या आईचं दुःख हाय, त्याला कोन हात लावील?"

"खरंच थांबाल?"

"थांबीन."

राहीने फळा पुसला. पुसलेला फळा पुन्हा पुसला.

"माझ्याने नाही होणार," ती म्हणाली. "वर्ष माघात पुरं होतं. पौषात लग्नं नसतात. राहिला मार्गशीर्ष." आणि मग, पाठमोरीच, "आईला तुम्ही आवडला असता. आता तुमच्या माणसांना पाठवा लवकर... तुळशीचं लग्न चार दिवसांवर आलंय."

शिवदास उंबऱ्याला अडखळला. खिडकीखाली दबून बसलेली चौदा पोरं एकदम ओरडली, "बाई, मिस्त्री पडले!"

"उचला मग," राही म्हणाली. "आपलेच आहेत."