गोदासाठी रोज एक शब्द

पंचवटीत काळाराम मंदिराच्या मागे, एका गल्लीच्या तोंडाशी काळा फळा आहे. पूर्वी त्यावर मंडळाचे सुविचार असत, म्हणजे कुणाच्या उपयोगाचं काही नसे. वेणीमाधव सर शाळेतून निवृत्त झाले आणि त्यांनी फळ्याचा ताबाच घेतला. वर ठळक अक्षरांत ‘रोज थोडं नवं’, खाली एक शब्द आणि त्याची हकिगत. पगार आणि चावी हे शब्द पोर्तुगिजांकडून आले, मोगलाईत नाशिकला गुलशनाबाद म्हणत, असलं काहीबाही. दूध आणायला निघालेली माणसं तिथे घटकाभर थांबत. फळ्याखाली मखमलाबादची लंकाबाई मेथी आणि शेवंती मांडून बसे.

“सर, आज काय नवं?”

“वाच की.”

“चष्मा नाय आणला. तुम्हीच सांगा.” चष्मा तिच्या कपाळावरच असे.

सरांची बायको गोदा या उद्योगाची यथेच्छ टिंगल करी. “अहो! शाळा सुटली, खडू ठेवा आता, चहा निवला!” गॅलरीतून आलेली ही हाक अख्ख्या गल्लीला ऐकू जाई. दिवाळीनंतर तिला झटका आला. हातपाय सावरले, पण वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. सरांनी फळा सोडला नाही, पण त्यांचं लक्ष कशातच नव्हतं. तिने पुन्हा एकदा ‘अहो’ म्हणून हाक मारावी, एवढंच त्यांना हवं होतं.

एका सकाळी त्यांनी फळ्यावर अडकित्ता लिहिला. शब्द कानडीतला, तिकडे सुपारीला अडके म्हणतात. संध्याकाळी ते सुपारी कातरत बसले असताना गोदाने त्यांच्या हाताकडे बोट केलं आणि स्पष्ट म्हणाली, “अडकित्ता.”

सर ढसाढसा रडले. मग चप्पल न घालताच खाली धावले आणि गल्लीभर पेढे वाटून आले.

दुसऱ्या दिवशी फळा पुसायला फडकं उचललं, तर फळ्यावर एक अनोळखी शब्द. अक्षर आपलंच. त्यांनी तो मजकूर आवडीने वाचला. सुपारी कातरायचं हत्यार, कानडीतून आलेलं. छान माहिती होती.

“लंकाबाई, हे कोणी लिहिलं गं?”

“तुम्हीच की काल. माझ्यासमोर.” ती हसली, पण सर हसत नाहीत असं दिसल्यावर मेथीवर पाणी शिंपडू लागली.

घरी येऊन त्यांनी ती वस्तू हातात घेतली. पितळी, मोराच्या आकाराची. वापरता येत होती. फळ्यावर वाचलेलं नाव मात्र परकंच वाटलं, आणि आपल्याकडे ती कुठून आली तेही आठवेना.

वय झालं, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पुढे कुलूप गेलं, तूप गेलं, परात गेली. सकाळी फळ्यावर लिहावं, संध्याकाळी गोदाने म्हणावं, आणि उजाडता सरांना तो शब्द परका. त्यांनी मास्तरकी पद्धतीने खात्री करून घेतली. एकदा लिहिलं नाही. गोदा गप्प राहिली. एकदा लिहिलं, पण तिला सांगितलं नाही. तरी ती म्हणाली. फळा खिडकीतून दिसतही नव्हता.

परातीच्या दिवशी ती नुसता शब्द बोलून थांबली नाही. “परात. कळवणची,” ती हळूहळू म्हणाली. “काठाला पोचा. आईंनी आपटली. तुम्ही रडलात.”

सकाळी सरांना असली कुठली परात आठवेना. त्यांनी कळवणला धाकट्या भावाला, देवरामला फोन लावला.

“हो रे दादा, होती ना. पण ती तर तुझ्या लग्नाच्या कितीतरी आधी मोडीत दिली. वहिनींना कोणी सांगितलं?”

सरांनी फोन ठेवला. त्या दिवसापासून त्यांनी खडूला हात लावला नाही.

फळा कोरा राहिला. लंकाबाईने दोनदा विचारलं, मग तीही विचारीनाशी झाली. घरात गोदा त्यांच्या बोटांकडे पाहत बसे. एका दुपारी तिने त्यांच्या सदऱ्याची बाही धरली. ओठ उघडले. “अ…” गळ्याच्या शिरा ताणल्या. “अ…” पुढे काही येईना. डोळ्यांतून धारा लागल्या, आणि आपल्या रडण्याचीच लाज वाटून तिने पदर तोंडावर घेतला.

सरांचं काळीज तुटलं. या बाईने आयुष्यभर हक्काने हाका मारल्या होत्या, आणि आपण शब्द जपून ठेवतोय! कशासाठी? कोणाशी बोलायला?

ते उन्हातच खाली उतरले. लंकाबाई बघतच राहिली. आज दुपारी कसे?

त्यांनी सुंदर, वळणदार अक्षरांत लिहिलं: ‘अहो. पूर्वी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. या हाकेवर कितीतरी संसार झाले.’ मग खालच्या कोपऱ्यात, फळ्यावर कधी घरगुती लिहीत नसत तरी, लिहिलं: ‘माझाही.’

संध्याकाळभर ते तिच्यासमोर बसून राहिले. ती काही बोलली नाही. त्यांनी तिला भात भरवला, केस विंचरून दिले, आणि तिचा हात हातात घेऊन तिथेच खुर्चीत डोळा लागला.

उजाडलं. मंदिरातली घंटा वाजली.

“अहो.”

स्वच्छ, गोड आवाज.

“अहो, उठा ना. मान अवघडेल.”

त्यांनी डोळे उघडले. समोर एक वयस्कर बाई हसत होत्या, डोळे भरून आलेले. त्यांचा हात आपल्या हातात आहे हे पाहून ते ओशाळले आणि तो त्यांनी हलकेच सोडवला.

त्यांनी मागे वळून पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

“तुमचे यजमान बाहेर गेलेले दिसतात,” ते अदबीने म्हणाले. “काळजी करू नका. ते येईपर्यंत मी बसतो इथे.”