परत म्हटलेला आकडा

विहिरीत वायू शिरला की तिचं तोंड बंद करतात आणि वरच्या मापकावर दाब चढू लागतो. तो किती चढू द्यायचा, याला मर्यादा असते. जास्त झाला तर खोल खाली, पोलादी नळी संपते तिथला खडक फुटतो आणि वायू नळीच्या बाहेरून वाट काढत वर येतो. ही मर्यादा काढणं माझं काम. खडक किती सोसेल हे आधी चाचणी घेऊन पाहिलेलं असतं. त्यातून विहिरीत भरलेल्या मडचं, म्हणजे वायूला दाबून धरणाऱ्या पातळ चिखलाचं, वजन वजा करायचं आणि खोलीने गुणायचं. मड जड केलं की मर्यादा उतरते. उत्तर पाचाच्या पटीत आणायचं, पण खाली. वर कधीच नाही.

मग तो आकडा इंटरकॉमवर ड्रिलरला सांगायचा आणि ड्रिलरने तो मोठ्याने परत म्हणायचा. परत म्हटला नाही तर दिला असं धरत नाहीत.

गेल्या वर्षी या रिगवर माझा दादा ड्रिलर होता. मी तेव्हा दुसरीकडे होतो. त्या सकाळी मड जड केलं होतं आणि मर्यादा सातशे वीसवरून सहाशे पस्तीसवर आली होती. दुपारी वायू आला. दादाने विहीर बंद केली आणि थोड्याच वेळात त्याच्या केबिनखालची जमीन फाटून आग बाहेर आली. दादा त्यात गेला. मापक वितळलं, आकडे लिहायचा फळा जळाला. त्याने किती दाब धरला होता, हे कळायला काही उरलं नाही. चौकशीत एवढंच लिहिलं गेलं, की ड्रिलरने नवा आकडा परत म्हटल्याचं ऐकू आलं नाही. म्हणजे दोष त्याचा.

वहिनी आजही फोनवर एकच विचारतात, "भाऊजी, ह्यांनी म्हटला असेल ना हो?"

रिग दुरुस्त झाली, केबिन नवी बसवली. ऑफिसातली इंटरकॉमची पेटी मात्र जुनीच राहिली.

"नऊशे पंधरा," नव्या विहिरीचा पहिला आकडा मी सांगितला.

"नऊशे पंधरा," पलीकडून ड्रिलर म्हणाला. त्याला सगळे पैलवान म्हणतात.

मी बटण सोडलं. पेटी खरखरली आणि अगदी बारीक आवाजात कुणीतरी म्हणालं, "सहाशे पस्तीस."

दुसरी लाइन घुसली असेल, असं समजून मी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने पेटी उघडली, वायर केबिनपर्यंत तपासली आणि झाकण परत लावलं.

"एकच जोडणी आहे, साहेब. दुसरं कोण बोलणार?"

मड थोडं जड केलं, तेव्हा आकडा आठशे पाच आला.

"आठशे पाच," पैलवान म्हणाला. "तुमचा आकडा बरा उतरतोय. माझं वजन तेवढं जागचं हलत नाही."

मी हसलो. त्याने बटण सोडल्यावर पेटीत कुणीतरी खाकरलं. "सहाशे पस्तीस."

दादा कुठलाही आकडा सांगण्याआधी असाच खाकरायचा. घरी कुणी वेळ विचारली, तरीही. माणसाला जे ऐकायचं असतं तेच ऐकू येतं, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी पैलवानाला विचारलं.

"माझ्याकडे काहीच आलं नाही," तो म्हणाला. "झोप नीट होते ना तुमची?"

सातशे वीसच्या वेळीही तेच झालं. या वेळी आवाज जवळचा होता.

त्या दुपारी बसून मी पुढचं गणित केलं. मड आणखी जड करून पाण्याच्या एक अडतीस पटीवर नेलं, तर मर्यादा येत होती सहाशे एकोणचाळीस. खाली उतरवली की सहाशे पस्तीस.

आठवडा संपायच्या आत रिगवरच्या मोठ्या साहेबांनी एक अडतीसच मागितलं.

माझ्या एकट्याच्या कानांवर माझा विश्वास नव्हता. मी वहिनींना फोन लावला. भांडी ठेवल्याचा आवाज येत होता.

"वहिनी, काही विचारू नका. फक्त ऐका."

फोन पेटीला टेकवला आणि बटण दाबलं.

"सहाशे पस्तीस."

"सहाशे पस्तीस," पैलवान म्हणाला.

मी थांबलो. बाहेर पंप चालू होते. पेटी खरखरलीसुद्धा नाही.

बराच वेळ थांबलो. मग फोन कानाला लावला.

वहिनी रडत होत्या.

"म्हटला ह्यांनी," त्या म्हणाल्या. "खाकरून म्हटला. तुमच्यानंतरचा पहिला आवाज परका होता. दुसरा ह्यांचा. सहाशे पस्तीस. ह्यांची चूक नव्हती, भाऊजी."

"नव्हती," मी म्हणालो.

त्यांनी नाक पुसलं. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांचा आवाज हलका वाटला.

"पण त्यांच्यामागून तुम्ही दुसराच आकडा का म्हणालात?"

"मी? मी गप्प उभा होतो."

"तुमचाच आवाज. लांबून, पेटीतून आल्यासारखा. चारशे पंचवीस म्हणालात."

"तुम्हाला भास झाला असेल, वहिनी."

"असेल," त्या म्हणाल्या. "जेवून घ्या वेळेवर."

फोन ठेवला, तेवढ्यात मोठे साहेब दारात आले. हेल्मेट काखेत होतं.

"खालून वायू वाढतोय. उद्या मड एक अठ्ठेचाळीस करायचं. आकडा आत्ताच काढून ठेवा."

"काढतो."

"आणि पैलवानाला ताप भरलाय. उद्या आकडा मी इथून सांगेन. केबिनमध्ये तुम्ही उभे राहा."

ते गेले. मी गणित मांडलं आणि पुन्हा एकदा तपासलं.

चारशे सव्वीस आलं. सवयीने मी ते खाली उतरवलं.