चौपेडी वेणी

रूपाली सरोदेला भुतांची भीती कधी वाटली नाही. तिला भीती वाटायची जिवंत माणसांची, त्यातही घरात लपवून ठेवलेल्या माणसांची. निराधार मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत ती केस मॅनेजर होती. मूल नातेवाइकांकडे सोपवण्याआधी त्यांचं घर बघून यायचं, तिथं कोण कोण राहतं याची खातरजमा करायची, हे तिचं काम. मागं एकदा गारखेड्यातल्या एका गोडबोल्या कुटुंबानं "आम्ही दोघंच" म्हणून तोंडभरून सांगितलं आणि मागच्या खोलीत दारू पिऊन आडवा झालेला दीर निघाला. तेव्हापासून बाई ताकसुद्धा फुंकून पीत होती.

त्या दिवशी ती माहनूरला स्कूटीवर मागं बसवून करमाडला निघाली. माहनूर दहा वर्षांची होत आलेली. वर्षापूर्वी अम्मी गेल्यापासून पोरगी एक शब्द बोलली नव्हती आणि केसांना कुणाला हात लावू देत नव्हती. केसांच्या पार जटा झाल्या होत्या. बालगृहातल्या मालनबाई मनानं लोणी आणि तोंडानं मिरची. त्या कात्री घेऊन पोरीच्या मागं लागायच्या आणि रूपाली त्यांच्या हातातून कात्री काढून घ्यायची. "तिच्या अम्मीचा हात लागलेले केस आहेत ते, राहू द्या," एवढंच म्हणायची.

पण बालगृहात दहाच्या पुढच्या मुलींना ठेवत नसत. माहनूरची खाला, म्हणजे मावशी, हसीना तिला घ्यायला तयार होती. घर पटलं तर पोरगी मावशीच्या कुशीत जाणार होती. नाही पटलं तर कुठल्यातरी परक्या जिल्ह्यातल्या वसतिगृहात, जिथं तिच्या गप्प बसण्याला कुणी हट्टच म्हटलं असतं. रूपालीला रात्रभर झोप नव्हती ती यामुळं.

हसीनाचं घर गावाबाहेर, कापसाच्या रानाला लागून होतं. पत्र्याच्या दोन खोल्या, मधल्या दारात जाड पडदा. तिचा नवरा नवाब कंपनीत ड्युटीवर गेला होता. दुपारच असली तरी आभाळ इतकं दाटून आलं होतं की दिवेलागण झाल्यासारखं वाटत होतं, आणि लाइट गेलेली. आसपास दुसरं घर नव्हतं. कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं.

"या म्याडम, बसा," हसीनानं सतरंजी झटकली. माहनूरकडं बघून तिचे डोळे भरले, पण तिनं पोरीला ओढून जवळ घेतलं नाही. ते रूपालीला आवडलं.

रूपालीची एक रीत होती. पहिल्या भेटीत मुलाला हाक मारायची नाही, बस म्हणायचं नाही, मागंही जायचं नाही. मूल आपल्या पायानं घरात कुठं जाऊन बसतं ते फक्त बघायचं. दाराशीच घुटमळलं तर घर नको म्हणतंय. माहनूर दाराशी घुटमळली नाही. मान खाली घालून ती सरळ चालत गेली आणि पडद्याआड दिसेनाशी झाली.

"आत काय आहे?" रूपालीनं विचारलं.

"काय नाय. गोधड्या, आपाची पेटी. माझी थोरली बहीन, हिची अम्मी." हसीनाचा आवाज उतरला. "आपा शेवटच्या दिवसांत हितंच व्हती. त्याच खोलीत गेली. पेटीतलं सगळं जपून ठिवलंय मी... तिची लाकडी फनी तेवढी कुठं गेली, गावलीच नाय."

"घरात तुम्ही दोघंच?"

"व्हय. मी न् हे."

चहा आला. हसीना समोर बसली. वाऱ्यानं पत्रा कुरकुरला आणि थांबला. मग आतून बांगड्या वाजल्या.

रूपालीनं बशी खाली ठेवली. माहनूरच्या हातात बांगड्या नव्हत्या. पुन्हा किणकिण, पाठोपाठ कुणीतरी मांडी बदलून बसल्यासारखी सळसळ, आणि मग एक संथ, खरखरीत आवाज... थांबत, पुन्हा सुरू होत. पडद्याखालून वास आला. मेथी घालून उकळलेल्या खोबरेल तेलाचा.

"आत कोण आहे, हसीनाबी?"

"कुनी नाय, म्याडम." हसीनाचा चेहरा पांढरा पडला होता. तिनंही ऐकलं होतं. "अल्ला कसम... कुनी नाय."

रूपालीच्या डोक्यात तिडीक गेली. पुन्हा तेच! पुन्हा लपवलेलं माणूस, आणि या वेळी आपण स्वतः पोरीला त्याच्या हवाली केलं! रीतभात सगळी चुलीत गेली. ती उठली आणि तिनं पडदा बाजूला सारला.

आत गर्द काळोख होता. खिडकी नव्हती, मागचं दार नव्हतं. मोबाइलचा उजेड केला तर भिंतीशी गोधड्यांची चळत दिसली, पत्र्याची पेटी दिसली आणि पेटीपुढं जमिनीवर बसलेली माहनूर दिसली. एकटी. मान जराशी मागं झुकलेली, डोळे मिटलेले.

"माहनूर...?"

एवढ्यात उजेड विझला. आणि रूपालीच्या मानेवर बोटं टेकली.

गार होती, पण दुखवणारी नव्हती. तेलाचा वास नाकाशी आला. लहानपणी आईपुढं बसल्यावर यायची तशी गुंगी तिला आली, आणि त्या गुंगीचीच तिला जास्त भीती वाटली. मग कुणीतरी तिचा हात धरला. लहानसा, गरम हात. माहनूरनं तिला ओढत बाहेर आणलं.

"लई येळ लावला, म्याडम," हसीना दारातूनच म्हणाली. तिला आत यायचं धाडस झालं नव्हतं. "चहा गार झाला..."

तिचं बोलणं अर्ध्यातच राहिलं. माहनूरच्या जटा गेल्या होत्या. तेल चोपडलेल्या केसांची घट्ट, चार पेडांची वेणी तिच्या पाठीवर होती, टोकाला लाल धागा. हसीनानं ती वेणी हातात धरून बघितली. "आपा घालायची अशी... आमच्यात दुसऱ्या कुनाला जमत नाय."

"खाला," माहनूर म्हणाली, "मला भूक लागलीय."

वर्षभरातला तिचा पहिला शब्द. हसीनानं तिला छातीशी धरलं आणि दोघी हमसून हमसून रडल्या. रूपालीचीही भीती त्या रडण्यात कुठल्या कुठं वाहून गेली. घर पटलं होतं. खोलीत लपवलेलं कुणी नव्हतं, किंवा होतं ते पोरीचं वाईट करणारं नव्हतं. जास्त चौकशी करायची तिला इच्छाच उरली नव्हती. पोरीचं खाणं होताच तिनं घाईघाईनं स्कार्फ डोक्याला गच्च गुंडाळला, वर हेल्मेट चढवलं आणि स्कूटीला किक मारली. शहर येईपर्यंत माहनूर मागं बसून शाळेतल्या गोष्टी सांगत होती.

बालगृहाच्या फाटकात मालनबाईंनी आधी पोरीचा आवाज ऐकला, मग वेणी बघितली, आणि त्यांची मिरची पार विरघळून गेली. "आगं माझे बाई! कुणाला घालू दिली गं?"

रूपाली हसत हेल्मेट काढून स्कार्फ सोडू लागली. इतकं हलकं तिला कैक महिन्यांत वाटलं नव्हतं. "राहतेय ही मावशीकडं, मालनबाई. सुटलो आपण."

मालनबाई तिच्या पाठीकडं बघत होत्या. "म्याडम... तुमी दोघी येकाच बाईम्होरं बसून आल्या की काय?"

रूपालीचा हात मागं गेला. सकाळी तिनं केस क्लचरमध्ये कसेबसे अडकवले होते. क्लचर नव्हता. हाताला लागली ती घट्ट, तेलकट वेणी. तीन नाही, चार पेडांची.

"अम्मीनं घातली," माहनूर सहज म्हणाली. "माझे केस कापू दिले नाय ना तुमी, म्हणून. तुमचे बी लई गुंतलेत म्हणली." आणि उड्या मारत आत पळताना मागं वळून सांगून गेली, "पुढच्या येळी येताना नवी फनी आणा, म्याडम. जुनी मोडली म्हणली."

रूपालीची बोटं वेणीवरून खाली सरकली. एका पेडात काहीतरी टोचलं. तिनं ते ओढून काढलं.

लाकडी फणीचा एक दात होता. तेलानं अजून ओला.