इंजिनात पडलेली टोपी

"बंदरावर जाताना खिडकीपाशी मी," बडबड्यानं जाहीर केलं.

"जाताना पिटुकली. येताना ती आईच्या मांडीवर असेल, तेव्हा तू बस," ताईनं निकाल दिला.

अंगणात गाडीच्या सावलीत सतरंजी टाकून तिघं लोळत होती. ताई आणि बडबड्या सख्खी भावंडं, पिटुकली त्यांची मावसबहीण. सुट्टीसाठी तिघं मामाकडे आली होती. पिटुकलीची आई जहाजावर नोकरीला. ती गेल्यापासून पिटुकलीचा पुढचा दात पडून नवा आला होता, आणि तो आईनं अजून पाहिलेला नव्हता. उद्या सकाळी जहाज बंदराला लागणार होतं.

म्हणून मामा गाडीचे प्लग बदलत होता. मामा शाळेत गणित शिकवायचा आणि गाडीचं सगळं आपल्याला येतं असं समजायचा. हवा पेंगुळलेली होती. पानं हलत नव्हती. पिटुकलीचे डोळे मिटत आले होते, तेवढ्यात बॉनेटच्या आतून आवाज आला. टिण्. मग जरा खोलवरून, टिक्.

"आत काहीतरी गेलं," ती झोपेतच म्हणाली.

"काही गेलं नाही. पाना लागला," मामा हात पुसत म्हणाला. "चहा घेऊन येतो, मग हा शेवटचा प्लग बसवतो आणि गाडी सुरू करून बघू."

तो आत गेला. ताई उठून बसली. काढलेले जुने प्लग वर्तमानपत्रावर ओळीनं पडले होते. प्रत्येकाच्या डोक्यावर धातूची इवलीशी टोपी होती. शेवटचा तेवढा बोडका.

त्यांनी वायरचं टोक तपासलं, गाडीखाली पाहिलं, सतरंजी झटकली. टोपी नव्हती. उरलं होतं फक्त इंजिनातलं, प्लग बसायचं उघडं भोक.

"आत पिस्टनचा दट्ट्या जोरात वरखाली होतो," ताई हळूच म्हणाली. "त्यात टोपी सापडली तर इंजिनाचा चुराडा."

"आणि उद्या?" पिटुकलीनं विचारलं.

बडबड्या धावत आत गेला आणि तसाच परत आला. "मामा म्हणतो, गवतात पडली असेल. आणि म्हणतो, गोष्टी रचायचं वयच आहे तुमचं."

ताईनं क्षणभर विचार केला. मग नवा प्लग उचलून पिटुकलीच्या फ्रॉकच्या खिशात टाकला. प्लग नसला तर गाडी सुरू करणार कशी?

मामा चहा पिऊन आला. "इथला प्लग कुठे गेला?"

"गवतात पडला असेल," बडबड्या गंभीरपणे म्हणाला.

मामानं गवत पालथं घातलं, स्वतःशी पुटपुटला, आणि शेवटी सायकल काढून दुसरा प्लग आणायला बाजारात गेला.

पुढच्या खोलीत मामीचा दवाखाना होता. ती दातांची डॉक्टर. तिघं दारात उभी राहिली.

"मामी, तुझा छोटा आरसा आणि बारीक दिवा दे ना."

"कुणाचे दात बघायचेत?"

"गाडीचे."

मामी हसली, पण ताईनं सगळं सांगितल्यावर हसू थांबलं. ती स्वतःच आरसा घेऊन बाहेर आली.

ताईनं भोकात दिवा सोडला आणि आरशात पाहिलं. खाली काळोख, आणि काळोखाच्या तळाशी राखाडी, गोल, चंद्रासारखा दट्ट्या. त्याच्या कडेला काहीतरी चमकत होतं. तिघांनी आळीपाळीनं पाहिलं. पिटुकली तर किती वेळ बघतच राहिली. जणू तिथे खाली दुसरंच एखादं गाव होतं, आणि तिथे रात्र झाली होती.

लोहचुंबक दोरीनं सोडलं, पण टोपी लोखंडाची नव्हती. ती ढिम्म हलली नाही.

"मामी, तुझी ती नळी," पिटुकली एकदम म्हणाली. "तोंडातलं पाणी ओढते ती."

मामीनं वाकवता येणारी एक नवी, पातळ नळी आणली. बडबड्यानं ती चिकटपट्टीनं केर ओढायच्या यंत्राला जोडली. नळी आत सोडली, पण तळाला पोचेना.

"दट्ट्याच वर आणू," ताई म्हणाली. "गाडी गिअरमध्ये ठेवून अगदी हळू ढकलली की तो वर येईल."

मामीनं गिअर टाकला, हँडब्रेक सोडला आणि मागून बडबड्यासोबत जोर लावला. ताई आरशावर नजर ठेवून होती. तळातला चंद्र हळूहळू वर येऊ लागला, टोपीला घेऊन.

"अजून थोडं. अजून. बस."

हँडब्रेक ओढला. यंत्र सुरू झालं, घुंऽऽ करत. ताईनं नळी पुन्हा आत सोडली. नळीचा आवाज अचानक बदलला, घुसमटल्यासारखा. तिनं श्वास रोखून नळी वर काढली. टोकाला टोपी चिकटलेली होती.

नेमका तेव्हाच मामा सायकलवरून उतरला. "हे काय चाललंय?"

ताईनं तळहात पुढे केला. मामानं टोपी पाहिली, बोडका प्लग पाहिला, आणि पायरीवर मटकन बसला.

"मी गाडी सुरू केली असती," तो म्हणाला. "तुम्ही सांगत होतात आणि मी ऐकलं नाही. चुकलं माझं."

पिटुकलीनं खिशातून प्लग काढून त्याच्या हातात ठेवला. मामा तिच्याकडे बघत राहिला, आणि मग इतका हसला की उठताना सायकलला धरावं लागलं.

संध्याकाळी गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी बंदरावरून परतताना मामानं मावशीला, म्हणजे पिटुकलीच्या आईला, सगळी हकीकत ऐकवली. स्वतःची फजितीही लपवली नाही. "ताईचं डोकं, बडबड्याचे हात," तो म्हणाला, "पण पहिला आवाज ऐकला तुझ्या लेकीनं. तिचे कान नसते, तर आज तू बंदरावरच बसून राहिली असतीस. शाबासकी पहिली तिला."

"हळू बोल," मावशी पुटपुटली.

पिटुकली तिच्या मांडीवर गाढ झोपली होती, तोंड किंचित उघडं, आणि मावशी वाकून तिचा नवा दात बघत होती.