कलेर्वोने देऊ केलेली सुरी

मूस, म्हणजे रानातलं घोड्याएवढं हरीण, सोलायची सुरी वेगळी आणि त्याचं पोट उघडायची सुरी वेगळी, हे आमच्या हौकिवारा गावात पोरांना शाळेत जायच्या आधीच कळतं. सोलायला पातं जरा लांब चालतं. पोट उघडायला मात्र आखूड हवं, तळहाताच्या रुंदीएवढं, फार तर बोटभर जास्त. एकदा हात कोपरापर्यंत आत गेला की डोळ्यांचा उपयोग नसतो. टोक कुठे आहे ते बोटांनाच कळावं लागतं. नाहीतर जठर फुटतं, अख्ख्या शिकारी टोळीचं हिवाळ्याचं मांस वास मारतं, आणि सगळे आपल्याकडे बघत राहतात.

आमच्या टोळीत हे काम माझं. मी ऐली, गावच्या शाळेत स्वयंपाक करते. हाताला सवय आहे आणि नाकाला किळस नाही. तरी त्या शरदात, हंगामाच्या पहिल्याच मूसला, मी ओटीपोटाच्या हाडात सुरी घालून पिळली आणि टोक मोडून बसले. हेच करू नका म्हणून मी दरवर्षी बाकीच्यांवर डाफरते. दुसऱ्याला शहाणपण शिकवायला काय जातं!

टोळीच्या झोपडीत चुलीवर कॉफी उकळत होती. मी मोडकी सुरी पुसत बसले होते, तेवढ्यात कलेर्वो समोर येऊन बसला. कलेर्वो आमचा म्होरक्या. कोणी कुठे उभं राहायचं, कोणी कधी गोळी झाडायची, सगळं तोच ठरवतो.

"ऐली, चल उद्या यालमारीकडे," तो म्हणाला. "आवडेल ती सुरी निवड. माझ्याकडून."

झोपडीतले सगळे आमच्याकडे वळले. कोणीतरी सॉसेज परतायचं विसरलं, आणि करपल्याचा वास सुटला.

आमच्याकडे सुरी कोणी कोणाला उगाच देत नाही. दोन घरांत काही सल असला की एकाने सुरी देऊ करायची आणि दुसऱ्याने ती स्वतःच्या हाताने निवडायची. निवडली की विषय संपला. पुन्हा तो कोणी उकरायचा नाही, दारू प्यायल्यावर नाही, मरतानाही नाही. सुरी घेऊन जो शब्द फिरवतो, त्याच्या दारात मग गावचं कुत्रंही फिरकत नाही.

आमच्यातला सल म्हणजे माझा धाकटा भाऊ इस्मो.

आदल्या शरदात मोठ्या दलदलीच्या काठावर शेजारशेजारच्या ठिय्यांवर इस्मो आणि कलेर्वो उभे होते. भरदुपारी एकच गोळी वाजली. थोड्या वेळाने कलेर्वो एकटाच परत आला. म्हणाला, मूस हुकला. म्हणाला, इस्मो दलदलीकडे जाताना दिसला होता. इस्मो काही आला नाही. कुत्री फिरवली, हेलिकॉप्टर आलं, पाणबुडे उतरले. इस्मोची बंदूक पाइनला टेकून ठेवलेली सापडली, इस्मो नाही. दलदलीने नेला, असं ठरलं. आमच्याकडे दलदल माणसं नेते, त्यात कोणाला नवल वाटलं नाही. मला वाटलं. इस्मो त्या दलदलीत लहानपणापासून लाल बोरं वेचत आला होता, आणि बंदूक झाडाला टेकून तो कधी लघवीलासुद्धा जायचा नाही.

कलेर्वोला मी तोंडावर काहीच म्हटलं नव्हतं. पण वर्षभर मी त्याच्याकडे कशी बघत होते, ते साऱ्या गावाने पाहिलं होतं. आता नाही म्हटलं तर चारचौघांत त्याला खुनी म्हटल्यासारखं होणार होतं, आणि हो म्हटलं तर इस्मोचं नाव काढायची सोय कायमची गेली.

"येते," मी म्हणाले. निवडेनच असं नव्हे, हे मनात म्हणाले. त्याचं तोंड जवळून बघायला मिळेल, एवढंच मला हवं होतं.

यालमारी लोहाराची भट्टी तळ्याच्या काठाला आहे. म्हातारा बडबड्या, आणि स्वतःच्या सुऱ्यांचं कौतुक स्वतःच करणारा.

"ये, ये, ऐली! अशा सुऱ्या अख्ख्या कैनू प्रांतात मिळायच्या नाहीत. राष्ट्राध्यक्ष येऊन मागतील एक दिवस!"

"आधी मला बघू दे यालमारीकाका, मग त्यांना दाखव."

त्याने फळीवर सुऱ्या मांडल्या. पहिली देखणी होती, पण वीतभर लांब. "ही भिंतीवर टांगायला बरी," मी म्हणाले. दुसरीचं टोक सुईसारखं. तसलं टोक कातडीखालून सरकत नाही, जठरातच घुसतं. तिसरीची मूठ रेनडिअरच्या शिंगाची, गुळगुळीत. रक्त आणि चरबी लागली की ती साबणासारखी निसटणार. चौथीला बोटं अडवायला आडवी पितळी पट्टी होती.

"पट्टी चांगली ना? हात पुढे घसरत नाही," कलेर्वो म्हणाला.

"आणि आत वळवताना अडकते. तू कधी आत हात घातला आहेस का? तुझं काम पाय धरायचं."

यालमारी खो खो हसला. कलेर्वोही हसला, जरा उशिरा.

पाचवी सुरी आखूड होती. पातं साध्या पोलादाचं, जे गंजतं पण रानात कुठल्याही दगडावर धार घेतं. टोकाकडे पोट किंचित फुगीर. मूठ भूर्जाच्या सालीच्या चकत्या दाबून केलेली. सालीची मूठ ओली झाली तरी सुटत नाही आणि थंडीत हात गारठवत नाही. हीच हवी होती. मी ती उचलली आणि हात थबकला.

अंगठ्याखाली खळगा होता. वर्षानुवर्षं वापरलेल्या मुठीला पडतो तसा, पण उलट्या बाजूला.

"काका, ही कोणाची वापरलेली?"

"वापरलेली? परवा घासून ठेवलीय! कोणी हातसुद्धा लावला नाही."

"डावखुऱ्यासाठी केलीस?"

"सालीची मूठ दोन्ही बाजूंनी सारखीच असते, बाई. म्हाताऱ्याला शिकवू नकोस."

मी सुरी डाव्या हातात घेतली. ती नीट बसली. माझ्या हातात नाही म्हणता यायचं. माझ्या हातापेक्षा मोठ्या कुणाच्या हातात बसावी, तशी. हौकिवारात डावखुरा एकच होता. त्याचं नाव त्या भट्टीत कोणी घेतलं नाही.

"ती नको," कलेर्वो म्हणाला. "दुसरी घे. मघाची शिंगाची घे."

त्याचा आवाज बारीक झाला होता. मी मान वर करून पाहिलं. तो माझ्याकडे बघतच नव्हता. माझ्या डाव्या हाताकडे बघत होता.

त्याला ती नको होती, म्हणूनच मी म्हणाले, "हीच."

बोलून गेल्यावर कळलं मी काय केलं ते. यालमारीने टाळी वाजवली. "झालं! मिटलं एकदाचं! आता कॉफी घेऊनच जायचं." कलेर्वोने माझा हात हातात घेऊन दाबला. त्याचा तळवा घामाने भिजला होता. मला स्वतःचा इतका राग आला की कॉफीची चवच कळली नाही. संशयाने डोकं फिरलं आणि इस्मोला मी स्वतःच्या हाताने पुरून आले होते.

घरी आल्यावर मी खिडकीपाशी बसून सुरी उलटसुलट करून पाहिली. साल दबते, दमटपणाने फुगते, हे मला माहीत आहे. भट्टीच्या उष्णतेने एका बाजूला आकसली असेल, असं मी स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी खळगा जरा खोल वाटला. त्याच्या पुढ्यात आणखी एक उथळ खळगा आला होता, तर्जनी टेकते तिथे. मी म्यान उजव्या कुशीला बांधायचे, आणि काम करता करता ते डावीकडे सरकलेलं सापडायचं. चामड्याचा पट्टा नवा आहे, ढिला पडतो, असं म्हणून मी तो घट्ट आवळला.

शुक्रवारी त्याच सुरीने राईचा पाव कापला आणि आईपुढे ठेवला. आईचं डोकं अजून लख्ख आहे. शब्दकोडी माझ्या आधी सोडवते. तिने पावाचा तुकडा उचलला, उजेडाकडे धरला.

"इस्मो आला होता का?" तिने विचारलं.

"आई?"

"नाही, हे काप…" ती म्हणाली आणि थांबली. काप एका बाजूला जाड होते, एका बाजूला पातळ. माझे उलटे पडतात. डावखुऱ्याचे असे पडतात. मी उजव्या हाताने कापल्याचं मला पक्कं आठवत होतं. आईने लोणी न लावताच तो तुकडा खाल्ला. मला रडू आवरेना, म्हणून मी लाकडं आणायला गेले.

शनिवारी सकाळी मूस पडला. पडला तोही मोठ्या दलदलीच्या काठावर. कुत्र्यांनी त्याला तिकडेच रेटला, त्याला कोणाचा इलाज नव्हता. बाकीचे ट्रॅक्टर आणायला रानवाटेने गेले. मूसपाशी मी आणि कलेर्वो, दोघंच उरलो. गवतावर दहिवर गोठलं होतं, आणि सूर्य झाडांच्या शेंड्यांना नुकताच लागला होता.

आम्ही मूस उताणा केला. कलेर्वोने मागचा पाय धरून बाजूला ताणला. मी बाह्या वर सारल्या.

उजव्या हातात सुरी ठरेना. धरली की अंगठा घसरायचा. मी हात पुसला, पुन्हा धरली. पुन्हा घसरली.

मग मी ती डाव्या हातात घेतली.

डाव्या हाताने मी कधी बटाटाही सोललेला नाही. पण हात सरळ छातीच्या हाडाखाली गेला. बारीक छेद घेतला, दोन बोटं आत घालून कातडी उचलली, पातं वर करून बोटांच्या मधून ओढत नेलं. जठराला धक्काही लागला नाही. वाफ तोंडावर आली. हात न थांबता चालत होता, आणि मी बघत होते.

मध्येच हात थांबला. त्याने पात्याची सपाट बाजू डाव्या गुडघ्यावर दोनदा पुसली, एकदा इकडून, एकदा तिकडून. मी सुरी गवताला पुसते. नेहमी गवताला. गुडघ्याला पुसायचा तो इस्मो.

"असं करू नकोस," कलेर्वो म्हणाला.

"कसं?"

"तसं पुसू नकोस."

हात पुन्हा आत गेला. श्वासनळीपर्यंत गेला, वळला, कापून मोकळा झाला. मी काही करत नव्हते. मी फक्त कलेर्वोचा चेहरा बघत होते. तो पांढरा पडला होता, ओठ हलत होते.

"मला मूस वाटला," तो म्हणाला. "झुडपात तपकिरी काहीतरी हललं. देवाशपथ, मला मूस वाटला."

तो माझ्या डाव्या हाताशीच बोलत होता.

"तू हलत नव्हतास, इस्मो. मी हाका मारल्या. तू हलत नव्हतास."

"मग?" मी विचारलं. आवाज माझाच होता.

"मग मी तुला पाण्यात ढकललं. तेव्हा तू हात वर केलास."

मूसचा पाय त्याच्या हातातून सुटला आणि धप्पकन आपटला.

"तेव्हा तुला ओढता आलं असतं," तो म्हणाला. "मी ओढलं नाही."

वाफ विरत होती. दूर ट्रॅक्टर ऐकू येत होता.

"कुठे?" मी म्हणाले.

त्याची नजर खाली होती. मी खाली पाहिलं. माझा डावा हात मूसच्या पोटातून बाहेर आला होता, वर उचलला गेला होता आणि रक्त गळत असलेली सुरी दलदलीकडे रोखून धरली होती. दोन खुरट्या पाइनच्या मधल्या काळ्या पाण्याकडे.

"हो," कलेर्वो म्हणाला. "तिथेच."

ट्रॅक्टर येऊन थांबला. माणसं उतरली आणि आम्हाला बघून जागच्या जागी उभी राहिली. सुरी सोडायला मला डाव्या हाताचं एकेक बोट उजव्या हाताने उलगडावं लागलं. मग मी ती सगळ्यांच्या देखत कलेर्वोच्या बुटांपाशी टाकली.

"ही मी घेतली नाही," मी म्हणाले.

तिथल्या प्रत्येकाला त्याचा अर्थ कळला. सुरी घेऊन शब्द फिरवणारी, म्हणून मला हौकिवारात आता कोणीच कॉफीला बोलवणार नाही हे माहीत होतं. मला तेव्हा कशाचीच पर्वा नव्हती. मी खिशातून फोन काढला आणि पोलिसांना लावला. कलेर्वो एका ओंडक्यावर बसून राहिला. पळाला नाही, नाकारलं नाही. पोलीस आल्यावर त्याने सगळं पुन्हा एकदा सांगितलं, या वेळी त्यांच्याकडे बघून.

इस्मो त्या दोन पाइनच्या मध्येच सापडला. दलदलीचं पाणी माणसाला राखतं, सडू देत नाही. आईने त्याला ओळखलं, आणि त्याच्या केसांवरून हात फिरवून म्हणाली, "किती थंड पडलाय रे." मला वाटलं आता संपलं. दुःख होतं, पण जागेवर बसलेलं होतं.

सोमवारी शहरातली पोलीस बाई घरी आली. तिने कॉफी घेतली, आईने केलेला दालचिनीचा पाव घेतला, तोही अर्धाच खाल्ला. मग आई आत गेल्याची खात्री करून माझ्याकडे वळली.

"गेल्या वर्षी, त्या दिवशी, तुझ्या भावाने मूस फाडला होता का?"

"नाही. त्या दिवशी टोळीला काहीच मिळालं नव्हतं. का?"

"त्याच्या डाव्या हाताच्या नखांत चरबी आहे. मूसची. दोन-चार केसही आहेत."

"वर्षभर पाण्यात राहून?"

"तेच डॉक्टरांना कळत नाहीये," ती म्हणाली आणि कप हळूच बशीत ठेवला. "ती चरबी अजून मऊ आहे. परवाच लागल्यासारखी."